जुन्या गाडीच्या उंचीचे गणित

भंडारा जिल्ह्यात पावसाळ्याचे चार महिने चारचाकी गाडीची खरी परीक्षा घेतात. वर्षाला सरासरी १३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, धानाच्या बांध्यांत साचवून ठेवलेले पाणी, चिखलणी आटोपून निघालेल्या ट्रॅक्टरांनी पांदण रस्त्यांवर पाडलेल्या खोल चाकोऱ्या आणि नाल्यांवरचे ठेंगणे रपटे, असा हा मुलूख आहे. नागपुरात नोकरी-व्यवसाय करून सुटीच्या दिवशी पवनी, लाखांदूर किंवा साकोलीकडील शेतीवर जाणाऱ्यांना हा रस्ता चांगलाच ठाऊक असतो. साठ किलोमीटर गुळगुळीत महामार्ग आणि शेवटचे दोन किलोमीटर चिखल! या दोन किलोमीटरसाठीच अनेकांनी जुनी बोलेरो, सफारी, सुमो किंवा जीप जपून ठेवलेली असते.

अशा गाडीच्या मालकाला कधी ना कधी एक सल्ला हमखास मिळतो. ‘मोठे टायर टाका, गाडी दोन इंच उचलून घ्या, मग ती कुठेच अडणार नाही.’ गाडी उंच झाली की ती रुबाबदार दिसते, हे खरे. ती चिखलातून निघेल का, महामार्गावर पूर्वीइतकी सुरक्षित राहील का आणि कायद्याला चालेल का, हे तीन प्रश्न मात्र वेगळे आहेत. त्यांची उत्तरे शोधताना थोडेसे गणित करावे लागते. ते अवघड नाही. पण गॅरेजमध्ये ते सहसा कोणी मांडून दाखवत नाही.

उंची नेमकी कशाची?

‘गाडीची उंची’ हा शब्द आपण सैलपणे वापरतो. प्रत्यक्षात दोन उंच्या वेगवेगळ्या मोजाव्या लागतात. पहिली, जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतची, म्हणजे चासी, इंधनाची टाकी आणि पायऱ्या यांच्यापर्यंतची. दुसरी, जमिनीपासून मागच्या अ‍ॅक्सलच्या मधोमध असलेल्या गोल भांड्यापर्यंतची. याच भांड्यात डिफरन्शियलचे दाते असतात. जुन्या एसयूव्हींमध्ये मागचा अ‍ॅक्सल अखंड असतो आणि बहुधा हे भांडेच गाडीचा सर्वांत खालचा भाग असते. चाकोरी खोल असेल तर मधला उंचवटा प्रथम त्यालाच लागतो आणि गाडी तिथेच टेकते.

आता कळीचा मुद्दा असा, की सस्पेन्शन लिफ्ट केल्याने गाडीचे पोट वर जाते, अ‍ॅक्सल जात नाही. अ‍ॅक्सल हा चाकांच्या मध्यबिंदूंना जोडलेला असतो. स्प्रिंग कितीही उंच केली तरी अ‍ॅक्सल चाकाच्या मध्याशीच राहणार. तो वर न्यायचा तर चाकाची त्रिज्याच वाढवावी लागते. म्हणजे व्यासाने मोठे टायर बसवावे लागते. त्यातही व्यास जितका वाढतो त्याच्या निम्मीच उंची पदरात पडते.

म्हणजे दोन्ही बदलांची कामे निराळी आहेत. धुऱ्यावरून गाडी काढताना पोट घासत असेल किंवा नाल्यात उतरताना पुढचा बंपर टेकत असेल, तर लिफ्टचा उपयोग होतो. चाकोरीत अ‍ॅक्सल टेकत असेल, तर लिफ्टने काहीही साधत नाही. पांदण रस्त्यावर अडकलेल्या गाड्यांचे दुखणे बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारचे असते आणि उपाय मात्र पहिल्याचा केला जातो.

टायरवरचे आकडे

टायरच्या कडेवर छापलेले आकडे वाचता आले तर पुढचे गणित सोपे होते. बोलेरोच्या अनेक आवृत्त्यांना २१५/७५ आर १५ हे माप दिलेले आहे. यातील २१५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी. ७५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७५ टक्के, अर्थात सुमारे १६१ मिलिमीटर. ‘आर’ म्हणजे रेडियल आणि १५ हा रिमचा इंचांतील व्यास, म्हणजे ३८१ मिलिमीटर. रिमच्या वर एक आणि खाली एक अशा दोन भिंती धरल्या की चाकाचा एकूण व्यास सुमारे ७०३ मिलिमीटर भरतो.

त्याच रिमवर २३५/७५ आर १५ टायर बसवले तर व्यास ७३३ मिलिमीटर होतो. वाढ ३० मिलिमीटरची, म्हणजे सव्वाचार टक्के. अ‍ॅक्सल वर गेला फक्त १५ मिलिमीटर! शौकिनांचे आवडते माप ३१ इंचांचे. त्याचा व्यास ७८७ मिलिमीटर, म्हणजे मूळ चाकापेक्षा जवळजवळ १२ टक्के अधिक. त्यामुळे अ‍ॅक्सल ४२ मिलिमीटर उंचावतो. हे टायर जुन्या मडगार्डच्या पोकळीत नीट मावत नाही. चाक वळवले की ते आतल्या पत्र्याला किंवा चासीला घासते. म्हणून दोन इंचांची लिफ्ट करावी लागते, रुंद रिम घ्यावी लागते आणि एका बदलामागून दुसरा बदल ओढत येतो. अखेरीस गाडीचे पोट मूळ उंचीपेक्षा सुमारे ९३ मिलिमीटर वर जाते आणि अ‍ॅक्सल ४२ मिलिमीटरच.

मोठ्या व्यासाचा एक फायदा मान्य करावाच लागेल. विदर्भातल्या बंडीचे चाक पाहिले तर ते ध्यानात येते. उंच, अरुंद आणि वर लोखंडी धाव. मोठे चाक खड्ड्यात कमी बुडते आणि दगड किंवा ढेकूळ सहज ओलांडते, हे सुतारांना मोटार येण्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होते. पण बंडी ताशी चार-पाच किलोमीटरने जाते. तिला ब्रेक, गिअर आणि वेगमापक नसतात.

लिफ्ट करतात म्हणजे काय करतात?

लिफ्टची पद्धत गाडीच्या रचनेवर ठरते. महिंद्राच्या एमएम ५४० सारख्या जुन्या जीपला आणि मारुती जिप्सीला चारही चाकांवर पाट्यांच्या कमानी असतात. बोलेरोला पुढे कॉइल स्प्रिंग आणि मागे पाटे. सफारीच्या पहिल्या पिढीला पुढे टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेणारी पोलादी दांडी, आणि मागे कॉइल स्प्रिंग.

पाट्यांच्या गाडीत कमान अधिक वाकवून घेणे, जादा पाटा टाकणे, शॅकल लांब करणे किंवा अ‍ॅक्सल आणि कमान यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा बसवून लांब यू-बोल्ट आवळणे असे मार्ग वापरले जातात. कॉइल स्प्रिंग असेल तर तिच्यावर किंवा खाली जाड चकती, म्हणजे स्पेसर, ठेवतात. टॉर्शन बारच्या गाडीत काहीच विकत घ्यावे लागत नाही; बोल्ट आवळला की पुढचा भाग वर येतो. सर्वांत स्वस्त आणि म्हणूनच सर्वांत जास्त केला जाणारा हा उपाय आहे. मात्र त्यात चाकाला खाली जाण्यासाठी राखलेली जागा संपते. खड्ड्यावर चाक खाली लोंबकळू शकत नाही, वरच्या रबरी टेकूवर आदळते आणि बॉल जॉइंट कायम तिरक्या कोनात राहून लवकर झिजतात.

इतर पद्धतींचेही असेच आहे. गाडी वर गेली की गिअरबॉक्सपासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत जाणारा प्रोपेलर शाफ्ट अधिक तिरका होतो आणि त्याच्या दोन्ही टोकांचे क्रॉस जॉइंट थरथरू लागतात. ब्रेक ऑइलची रबरी नळी मूळ लांबीचीच असेल तर चाक पूर्ण खाली गेल्यावर ती ताणली जाते. शॉक अ‍ॅब्सॉर्बर आखूड पडतात. स्टिअरिंगच्या दांड्यांचा कोन बदलल्याने खड्ड्यावरून जाताना गाडी आपोआप किंचित वळते. पुढच्या चाकांचे कॅम्बर, कॅस्टर आणि टो हे तिन्ही कोन बिघडतात. कॅस्टर बिघडला की वळणानंतर स्टिअरिंग स्वतःहून सरळ होत नाही आणि वेगात गाडी एका रेषेत राहत नाही. दहा-पंधरा वर्षे धावलेल्या गाडीत हे सगळे सांधे आधीच सैल झालेले असतात. नव्या गाडीने कदाचित सोसला असता तो ताण जुनी गाडी सोसत नाही.

महामार्गावरची किंमत

चिखलासाठी केलेल्या बदलाची किंमत महामार्गावर मोजावी लागते. नागपूरहून भंडारा आणि साकोलीवरून पुढे जाणारा राष्ट्रीय महामार्ग, पूर्वीचा क्रमांक ६ आणि आताचा ५३, अवजड वाहतुकीचा आहे. त्यावर वेगमापकाचा काटा ८० वर असताना ३१ इंची टायरांची गाडी प्रत्यक्षात ताशी ८९ ते ९० किलोमीटरने धावत असते. जुन्या गाडीतला वेगमापक चाकाचे फेरे मोजतो. चाक मोठे झाले हे त्याला ठाऊक नसते. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग १२ टक्क्यांनी वाढला की ऊर्जा २५ टक्क्यांनी वाढते. चालकाला मात्र आपण ८० नेच चाललो आहोत असे वाटत राहते.

त्यातच ब्रेक दुबळे होतात. ब्रेकची पकड चाकाच्या मध्याजवळ असते आणि रस्त्याचे घर्षण टायरच्या काठावर लागते. त्रिज्या १२ टक्क्यांनी वाढली की तेवढ्याच घर्षणासाठी ब्रेकला १२ टक्के अधिक जोर लावावा लागतो. मोठे टायर जडही असते. ते फिरते ठेवायला आणि थांबवायला जास्त शक्ती लागते. भारतात सर्व नव्या मोटारींना एबीएस बंधनकारक झाले ते एप्रिल २०१९ पासून. त्याआधीच्या पुष्कळ एसयूव्हींमध्ये ते नाही, आणि गाडी घसरू लागताच सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा तर त्याहून दुर्मीळ.

गिअरचीही तीच गत. चाक मोठे झाल्यावर प्रत्येक गिअर १२ टक्क्यांनी ‘उंच’ होतो. चिखलातून गाडी काढताना पहिल्या गिअरची जी ओढ हवी असते नेमकी तीच कमी होते आणि चालक क्लच अर्धवट दाबून ती भरून काढतो. क्लच प्लेट जळण्याचे हे एक मोठे कारण आहे.

सर्वांत गंभीर प्रश्न उलटण्याचा. गाडी किती सहज उलटू शकते याचे एक साधे माप अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २००१ च्या मॉडेलांपासून वापरात आणले. डाव्या आणि उजव्या चाकांतील अंतराला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागायचे. येणारा आकडा जितका मोठा तितकी गाडी स्थिर. सामान्य मोटारींचा आकडा १.३ ते १.५ च्या दरम्यान असतो, जुन्या एसयूव्हींचा १ ते १.३ च्या. समजा, एखाद्या गाडीच्या चाकांतील अंतर १४५० मिलिमीटर आणि गुरुत्वमध्याची उंची ६८० मिलिमीटर आहे. आकडा येतो १.०७. मोठे टायर आणि लिफ्ट यांमुळे गुरुत्वमध्य ८० मिलिमीटर वर गेला तर तो ०.९५ होतो. आधीच काठावर असलेली गाडी काठाच्या पलीकडे जाते.

सपाट, कोरड्या डांबरावर हा फरक रोज जाणवणार नाही. गाडी उलटते ती बहुधा चाक कशाला तरी अडखळल्यावर. समोरून ट्रक आला म्हणून डावीकडे दाबलेली गाडी डांबराखाली खचलेल्या साइडपट्टीत उतरते, चालक घाईने स्टिअरिंग उजवीकडे ओढतो आणि चाक डांबराच्या कडेला अडते. त्या क्षणी वरचे ८० मिलिमीटर निर्णायक ठरतात. गाडीत मागच्या बाजूला समोरासमोरच्या आसनांवर मुले बसलेली असतील आणि छतावर धानाची पोती असतील, तर गुरुत्वमध्य आणखी वर गेलेला असतो.

टायर, हवा आणि उंची यांचे नाते किती नाजूक असते याचा धडा जगाला २००० साली मिळाला. फोर्ड कंपनीच्या एक्सप्लोरर या एसयूव्हीवरील फायरस्टोनची टायरे वेगात असताना सुटून गाड्या उलटल्याच्या घटना अमेरिकेत उघड झाल्या. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये सुमारे ६५ लाख टायर परत मागवण्यात आली. तेथील सुरक्षा प्रशासनाने या टायरांशी २७१ मृत्यू जोडले. टायरची रचना, त्यातील कमी ठेवलेली हवा, उष्णता, भार आणि गाडीची उंच ठेवण या सगळ्यांवर तेव्हा वाद झाला. अभियंत्यांच्या फौजा असलेल्या कंपन्यांनाही जे गणित चुकवता आले नाही, ते गॅरेजच्या आवारात अंदाजाने सुटेल अशी अपेक्षा धरणे धाडसाचे आहे.

चिखलात खरे काम कशाचे?

चिखलात आणि वाळूत गाडी रुतते ती मुख्यतः जमिनीवर पडणाऱ्या दाबामुळे. टायर जमिनीवर जो दाब देते तो ढोबळमानाने टायरमधील हवेच्या दाबाइतका असतो. एका चाकावर ५०० किलो भार आणि ३० पौंड हवा असेल, तर टायर सुमारे २४० चौरस सेंटिमीटर जागेवर टेकते. हवा १८ पौंडांवर आणली की हीच जागा ४०० चौरस सेंटिमीटरच्या जवळ जाते. एक पैसा खर्च न करता सुमारे दोन तृतीयांश जास्त आधार मिळतो! उलट, नुसते रुंद टायर घेऊन त्यात पूर्वीइतकीच हवा ठेवली तर टेकण्याची जागा फारशी वाढत नाही. तिचा आकार तेवढा बदलतो.

वैनगंगेच्या वाळूसारख्या मऊ जागी हवा कमी करण्याचा हा उपाय उत्तम ठरतो. धानाच्या बांधीलगतच्या चिखलात आणखी एक बारकावा आहे. चिखलाचा थर पातळ आणि खाली जमीन घट्ट असेल तर अरुंद टायर थर कापून खालची पकड घेते, रुंद टायर मात्र वरच घसरत राहते. थर खोल असेल तर कोणतेच मोटारीचे टायर फार काळ तग धरत नाही. म्हणूनच चिखलणीसाठी ट्रॅक्टरला लोखंडी केजव्हील जोडावी लागतात.

वजनाचेही महत्त्व विसरता येत नाही. जंगल सफारीत वर्षानुवर्षे दिसत आलेली मारुती जिप्सी याचे उदाहरण आहे. तिचे टायर कंपनीच्या मापाप्रमाणे २०५/७० आर १५, म्हणजे बोलेरोच्या टायरपेक्षाही अरुंद आणि लहान. पण गाडीचे वजन जेमतेम एक टन आणि चारही चाकांना ओढ. ती चिखलातून निघते ती हलकेपणामुळे आणि फोर व्हील ड्राइव्हमुळे, उंचीमुळे नव्हे. केवळ मागच्या चाकांना ओढ असलेली पावणेदोन टनांची एसयूव्ही चार इंच उंच केल्याने जिप्सी होत नाही.

हवा कमी केल्यावर एक पथ्य कडकपणे पाळावे लागते. डांबरी रस्ता लागताच हवा पुन्हा पूर्ण भरायची. कमी हवेचे टायर वेगात तापते आणि फुटू शकते. बारा व्होल्टवर चालणारा छोटा पंप आणि दाब मोजण्याचे यंत्र या दोन वस्तू लिफ्टच्या सामानापेक्षा कितीतरी स्वस्त आणि उपयोगी आहेत.

पाण्यातला खोटा धीर

उंच गाडीचा सर्वांत मोठा धोका यांत्रिक नाही, मानसिक आहे. रपट्यावरून पाणी वाहत असताना छोट्या मोटारीचा चालक थांबतो. उंच गाडीचा चालक ‘आपली निघेल’ म्हणून पुढे जातो.

इथेही हिशेब स्पष्ट आहे. चार मीटर लांब आणि पावणेदोन मीटर रुंद गाडीचे तळपृष्ठ सात चौरस मीटर भरते. पाणी तळाच्या वर दहा सेंटिमीटर चढले की गाडी सुमारे ७०० किलो पाणी बाजूला सारते आणि तितकीच हलकी होते. तळाच्या वर २५ सेंटिमीटर पाणी आले की आत पाणी शिरण्यापूर्वीच पावणेदोन टनांची गाडी तरंगू लागते. चाकांची पकड सुटली की प्रवाह ती ढकलत नेतो, आणि प्रवाहाचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो. लिफ्ट आणि मोठे टायर यांनी तळ ९ सेंटिमीटर वर गेला, म्हणजे हा क्षण ९ सेंटिमीटरने लांबला, एवढेच. चढत्या पुरात ९ सेंटिमीटर चढायला फार वेळ लागत नाही. शिवाय हवेने भरलेली मोठी टायरे स्वतःच तरंगण्याला हातभार लावतात.

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेच्या पुराने भंडारा शहराच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरले, रस्ते बंद पडले. वरच्या धरणांतून सुटलेले पाणी इथला पाऊस थांबल्यावरही येऊन पोहोचू शकते, हे त्या पुराने जिल्ह्याला शिकवले. ज्या रपट्यावरून सकाळी गाडी गेली तो संध्याकाळी तसाच असेल याची खात्री कोणतीही लिफ्ट देत नाही.

कायदा काय म्हणतो?

भारतात विकले जाणारे प्रत्येक मॉडेल बाजारात येण्यापूर्वी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२६ नुसार तपासून घ्यावे लागते. पुण्याची एआरएआय आणि अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, येथील व्हीआरडीई या संस्था असे काम करतात. ब्रेक, स्टिअरिंग, टायर यांची चाचणी एकत्र होते. मालकाने त्यातला एक भाग बदलला की त्या चाचणीचा आधार उरत नाही.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही. केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका ठामपणे मांडली आणि बदलाला मोकळीक देणारा तेथील उच्च न्यायालयाचा निकाल रद्द ठरवला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कायद्यात कलम १८२-अ आले. त्यानुसार परवानगी नसलेला बदल, सुटे भाग बाहेरून बसवून केलेला बदल धरून, केल्यास मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. ‘नोंदणीपत्रात उंची कुठे लिहिली आहे?’ हा युक्तिवाद त्यामुळे फारसा टिकणारा नाही.

जुन्या गाडीच्या बाबतीत आणखी एक अडथळा आहे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर परिवहन कार्यालयात तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. तपासणीच्या वेळी मडगार्डबाहेर आलेली टायरे आणि लोखंडी ठोकळे मोटार वाहन निरीक्षकाच्या नजरेतून सुटतील असे समजू नये. विम्याचेही तसेच. गाडीत केलेला बदल विमा कंपनीला न कळवल्यास अपघातानंतरचा दावा वादात सापडतो.

मग करावे काय?

या सगळ्याचा अर्थ जुनी गाडी आहे तशी सोसावी असा नाही. तिला नवी उंची देण्यापूर्वी तिची हरवलेली उंची परत मिळवून द्यावी, असा आहे. वर्षानुवर्षे भार वाहून पाटे ‘बसतात’, कॉइल स्प्रिंग दबतात, टॉर्शन बार सैलावतो. असे झालेली गाडी मूळ उंचीपेक्षा इंच-दीड इंच खाली आलेली असू शकते. मालकाला लिफ्टची गरज वाटते ती अनेकदा हीच तूट असते.

ती ओळखण्याची रीत सोपी आहे. गाडी सपाट फरशीवर रिकामी उभी करावी, चारही चाकांत योग्य हवा भरावी आणि प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर टेपने मोजावे. डाव्या-उजव्या बाजूंत फरक असेल किंवा त्याच मॉडेलच्या चांगल्या स्थितीतील गाडीपेक्षा आकडा कमी असेल, तर स्प्रिंग थकल्या आहेत. जुने पाटे भट्टीत तापवून, ठोकून पुन्हा कमान देण्याची पद्धत सर्रास आहे. पण पोलादावर पुन्हा योग्य उष्णतासंस्कार झाला नाही तर ते लवकर बसतात किंवा तडकतात. कंपनीच्या क्रमांकाचा नवा संच बसवणे शेवटी स्वस्त पडते. सोबत रबरी बुश, शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि यू-बोल्ट नवे घ्यावेत, मग चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे. यातली कोणतीही गोष्ट कायद्याविरुद्ध नाही, कारण ती दुरुस्ती आहे.

टायरच्या बाबतीत माप न बदलता प्रकार बदलता येतो. मालकाच्या पुस्तिकेत किंवा दाराच्या चौकटीवरील पट्टीवर दिलेल्या मापातच ‘ऑल टेरेन’ नक्षीचे टायर मिळते. त्याची पकड चिखलात महामार्गाच्या गुळगुळीत टायरपेक्षा बरी आणि ओल्या डांबरावर खोल दातांच्या ‘मड टेरेन’ टायरपेक्षा चांगली असते. भारक्षमता मूळ टायरपेक्षा कमी नसावी. टायरच्या कडेवरचे चार आकडे त्याचे वय सांगतात. ३२१८ म्हणजे २०१८ चा ३२ वा आठवडा. कायद्याने नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर लागते. पण चिखलात तेवढी नक्षी असून नसल्यासारखी.

खर्चाचा क्रमही असाच असावा. आधी ब्रेक आणि स्टिअरिंगचे सांधे, मग स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर, मग मूळ मापाची चांगली टायरे, आणि शेवटी पंप, फावडे व ओढण्याचा मजबूत पट्टा. एवढे करूनही शेवटचे दोन किलोमीटर जमत नसतील, तर पावसाळ्यापुरती गाडी पक्क्या रस्त्यावर ठेवून पुढे ट्रॅक्टरने किंवा पायी जाणे हे झाडीपट्टीतल्या शेतकऱ्याचे जुने शहाणपण आहे. पांदण पक्की झाली तर हा प्रश्न मुळातच उरत नाही. तोवर चिखलापुरते दोन किलोमीटर सोपे करण्यासाठी महामार्गावरचे साठ किलोमीटर अवघड करून घेण्यात काही हशील नाही.